दोनदा आलेलं नाव

आमच्या संशोधन संस्थेत त्यांना तोंडावर सगळे 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'शिफारस'. चहा गोड झाला तरी हा माणूस शिपायाला सांगतो, "साखर कमी करावी, अशी माझी शिफारस आहे." बावीस वर्षं तो अल्पवयीन गुन्हेगारांसाठी धोरणं लिहितोय. एवढ्या वर्षांत सुधारगृहाचा उंबरा त्यानं एकदाच ओलांडला, तोही प्रवासात पोट बिघडलं म्हणून. मी त्याचे तक्ते भरते, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्क आहे.

मागच्या वर्षी सरकारनं विचारलं, मुलींचं बिनकुलपाचं सुधारगृह चालू ठेवायचं, की तिथल्या तेवीस मुली कुलपाच्या गृहात हलवायच्या? निकष एकच: ज्या गृहातून सुटलेल्या मुली जास्त संख्येनं पुन्हा गुन्ह्यात सापडतील, ते गृह निकामी. शिफारसनं दोन्हीकडची रजिस्टरं मागवली आणि मला हुकूम सोडला, "जिचं नाव दोनदा, ती पुन्हा गुन्ह्यात. मोजा."

मी मोजलं. कुलपाच्या गृहात शंभरात अकरा, बिनकुलपाच्या गृहात शंभरात एक्केचाळीस! मला काही पटेना. मी तिथल्या अधीक्षिकेला फोन लावला. मुली तिला मावशी म्हणतात.

"अहो बाई, माझ्याकडे रजिस्टर एकच आहे," मावशी म्हणाली. "जी मुक्कामाला, तिचं नाव लिहायचं. सुटलेल्या पोरी येतात ना राहायला! कुणाला ताप असतो, कुणाची खोली गेलेली असते, एखादी नुसती पहिला पगार दाखवायला येते. दुसरं माहेर कुठंय त्यांना?"

मी तशीच उठून शिफारसकडे गेले. "सर, या मुली गुन्हा करून आलेल्या नाहीत, मावशीकडे राहायला आल्यात. पोलिसांचे कागद मागवून ताडून बघू."

त्यानं चष्मा काढून पुसला. हा चष्मा पुसायला लागला की समजावं, अक्कल गहाण पडली. "मॅडम, पद्धत एकदा ठरली की ठरली. दोन्ही गृहांना एकच मोजपट्टी. तक्त्यात भावनेसाठी रकाना नसतो."

काय तो रुबाब! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझं कंत्राट संपत आलं होतं. मूग गिळून गप्प बसले.

आमचा तक्ता बघून सरकारी समितीनं मोठ्या मनानं बिनकुलपाच्या गृहाला सहा महिन्यांची मुदत दिली. आकडा उतरला तर गृह चालू, नाहीतर मुली हलवायच्या. ही सवलत आपल्यामुळेच मिळाली, असं शिफारस कँटीनभर छाती फुगवून सांगत फिरला. मी मावशीला सुचवलं, राहायला येणाऱ्या मुलींची वही वेगळी करा. पण या शहाण्यानं आधीच पत्र धाडलं होतं: सहा महिने नोंदीची पद्धत बदलू नये, तुलना बिघडते.

"मग नावच लिहू नका," मी म्हटलं.

"खोटं रजिस्टर मी ठेवणार नाही," मावशी फटकन म्हणाली. "बघते काय करायचं ते."

सहा महिन्यांनी रजिस्टर आणायला मी स्वतः गेले. जे फाटक कायम उघडं असतं असं मी ऐकलं होतं, ते लावलेलं होतं. पायरीवर इथूनच सुटलेली एक पोरगी बसली होती, मांडीवर दोनेक महिन्यांचं बाळ. फाटकाच्या आत मावशी उभी होती.

"दोन दिवस राहू दे गं मावशी. अंग नुसतं फणफणलंय."

मावशीनं गजांतून गोळ्या आणि जेवणाचा डबा बाहेर दिला. "हे घे आणि जा, बाळा. आत नाही घेता येणार."

पोरगी आधी हसली. तिला थट्टा वाटली. मग मावशीचं तोंड बघून तिनं बाळाला उचललं. "माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं. पोरगी रस्त्याच्या टोकाशी दिसेनाशी झाल्यावर मावशीनं रजिस्टर माझ्या हातात कोंबलं.

"एकही नाव दोनदा नाही," ती म्हणाली. "सांगा तुमच्या सरांना."

मी सांगितलं. शिफारसनं टेबलावर थाप मारली. "बघितलंत मॅडम? धोरण नीट असलं की माणसं सुधारतात!"

थू त्याच्या धोरणावर. पण त्या रकान्यात शून्य मीच भरलं, आणि माझं कंत्राट एक वर्षानं वाढलं.