सुईत पास, फुंकरीत नापास

आमचे हे टेलर आहेत. साधे टेलर नव्हेत, कोटाचे. जिन्याखालच्या दुकानात दोन शिलाई मशिनं, कापायचं एक लांब टेबल आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा. त्या पुतळ्याशी हे माझ्यापेक्षा जास्त बोलतात. खडूची रेघ मारली की मारली, पुन्हा पुसायचं नाव नाही. वीज गेली तर अंधारात काजं करत बसतात. स्वभावाने गरीब, पण हट्टी असे की सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

ह्यांना पिण्याचं व्यसन नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही सगळे वन्संकडे जेवायला जमतो, तेव्हा दुपारी दोन ग्लास होतात. एवढंच. पण परत यायचं तर गाडी आली, आणि गाडीत आमची नात, सव्वा वर्षाची ठमी. माझा सगळा जीव त्या पोरीत. मुलाला रविवारीही कामावर जावं लागतं, मला आणि सुनेला गाडी येत नाही. राहिले कोण? हे आणि माझे धाकटे दीर, दोघेही ग्लास हातात घेतलेले.

म्हणून मी एक नियम काढला. ज्याने घेतली असेल त्याने माझ्यासमोर सुईत दोरा ओवायचा. तीन वेळा चुकला तर मुकाट मागच्या सीटवर बसायचं. आधी सगळे हसले. मग पाळायला लागले, कारण किल्ली माझ्या पर्समध्ये असते.

दर वेळी निकाल ठरलेला. दीर बिचारे एक बियर घेणार, मग दोऱ्याचं टोक ओलं करणार, सुई लांब धरणार, जवळ धरणार, जीभ बाहेर काढणार आणि शेवटी म्हणणार, "वहिनी, ह्या सुईला भोकच नाही." आणि हे? उभ्याउभ्या, बघितलं न बघितलं करून, एका झटक्यात दोरा आरपार. मी किल्ली ह्यांच्या हातात ठेवायचे. मनात म्हणायचे, नवरा असावा तर असा.

त्या रविवारी वन्संच्या यजमानांनी ग्लास भरताना हात जरा सैल सोडला होता. तरी ह्यांनी सुई ओवली. तीसुद्धा बारीक भोकाची. आम्ही निघालो. हे गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे दीर आणि ठमीला मांडीवर घेतलेली सून. पुलाच्या अलीकडे भर उन्हात पोलिसांनी गाडी अडवली. हवालदाराने एक डबी पुढे केली, तिला नळी.

"फुंका."

ह्यांनी फुंकलं. डबीवर आकडा आला, अडुसष्ट.

"उतरा खाली," हवालदार म्हणाला. "हद्द तिसाची आहे. तुम्ही दुपटीच्या पुढे गेलात."

माझं टाळकंच सटकलं. "अहो दादा, डबी बिघडलीय तुमची! ह्यांनी माझ्या डोळ्यांदेखत सुई ओवलीय!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात आमच्या दिरांना काय सुचलं कोण जाणे, "माझंही बघा" म्हणत पुढे झाले. फुंकलं. बावीस. हवालदार म्हणाला, "हे चालवू शकतात. कायद्याने."

आता सांगा! सुईत नापास झाला तो पास, आणि पास झाला तो नापास? मी म्हटलं, असं कुठे असतं, ह्यांचं रक्त तपासा, चला आत्ताच्या आत्ता. ह्यांनी माझा पदर ओढला, "अगं, गप्प बस ना." पण मी गप्प बसले तर मी कसली! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दीर गाडी घेऊन गेले, सून ठमीला घेऊन टॅक्सीने गेली आणि आम्ही दोघं पोलिसांच्या जीपमध्ये बसून दवाखान्यात.

तिथे आमच्या मुलाच्या वयाची एक डॉक्टरीण होती. दमलेली होती, पण बोलायला बरी. तिने रक्त काढून घेतलं.

"अडुसष्ट म्हणजे काय, ते एकदा नीट सांगा," मी म्हटलं.

"शंभर मिलीलिटर रक्तात अडुसष्ट मिलिग्रॅम दारू."

"म्हणजे किती पेग?"

"तसं सांगता येत नाही, काकू. तेवढीच दारू बारीक माणसाला जास्त चढते, जाड्याला कमी. बाईला सहसा पुरुषापेक्षा जास्त. उपाशीपोटी लवकर. आणि भरणाऱ्याचा हात कसा आहे त्यावरही आहेच."

"आणि तीसच का?"

"इथे तीस. काही देशांत पन्नास, काही ठिकाणी ऐंशी, कुठे कुठे शून्य."

"अगंबाई! म्हणजे माणूस विमानात बसला की शुद्धीवर येतो?"

ती हसली. म्हणाली, हद्द कायद्याची असते, शरीर काही तिसाची वाट बघत बसत नाही, त्याच्या आधीच ढिलं पडायला लागतं. मी दिरांचा बावीसही सांगितला, तर म्हणाली, बावीसवाल्यानेही चालवली नसती तर बरं झालं असतं. हे मध्येच म्हणाले, "मी लिंबू-पाणी प्यायलो होतो, वेलची चघळली होती." त्याने फक्त वास जातो, ती म्हणाली. रक्तातली दारू यकृत आपल्या चालीने संपवतं, तासाला साधारण पंधरा. कॉफी प्या, आंघोळ करा, त्याला घाई होत नाही. माझ्या डोक्यात नुसता गुंता झाला. तीस, अडुसष्ट, बावीस, पंधरा. मी म्हटलं, "सगळं खरं असेल हो, पण सुई?"

"काका काम काय करतात?"

"कोटाचे टेलर आहेत."

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, सुई ते तापातसुद्धा ओवतील. हजारदा केलेलं काम हात आपले आपण करतात. रस्त्यावर मात्र आधी कधी न झालेलं काहीतरी अचानक होतं." मग तिने टेबलावरची फूटपट्टी उचलली, वरचं टोक धरून उभी टांगली आणि ह्यांना खाली दोन बोटं उघडी ठेवायला सांगितली. "मी सोडली की पकडा."

तिने सोडली. पट्टी खट्कन जमिनीवर. पुन्हा सोडली. पुन्हा जमिनीवर. तिसऱ्यांदा अगदी शेवटचं टोक कसंबसं बोटांत आलं.

"पट्टी गुळगुळीत आहे," हे म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं.

मग मी हात पुढे केला. मला मधोमध सापडली, पहिल्याच खेपेला. मला! जिच्या हातून दिवसाला एक कप फुटतो. ह्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. ह्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, बावन्न. मी पुन्हा चक्रावले. एकाच माणसाचे एका दिवसात दोन आकडे? दिरांनी समजावलं की मध्ये तास गेला ना, वहिनी, उतरली तेवढी. खुद्द दिरांना डोळ्यांच्या डॉक्टरने चाळिशीचा चष्मा दिला. म्हणजे इतके दिवस ते दारूने नव्हे, नजरेने नापास होत होते. ह्यांना दंड झाला, तीन महिने लायसन जप्त झालं. ते जाऊ दे. हे रोज कापड कापता कापता एकच म्हणायचे, "मला काहीच झालं नव्हतं गं. जरा तरी जाणवायला नको?" ज्याला जाणवतच नाही त्याने स्वतःला ओळखायचं कसं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

एका दुपारी सून ठमीला भरवत होती. मी सहज म्हटलं, "बरं झालं बाई, त्या दिवशी काही झालं नाही."

ती खाली बघूनच बोलली. "आई, मी दर वेळी डोळे मिटून बसायचे. एक हात ठमीभोवती, एक दाराच्या कडीला. बाबा वळणावर उशिरा वळायचे. पुढची गाडी थांबली की अगदी जवळ गेल्यावर ब्रेक लावायचे."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पास केल्यावर मी कोण नापास करणारी?"

मी मान वर केली. दारात हे उभे होते, गळ्यात टेप. किती ऐकलं कोण जाणे. पुढे आले, रोजच्यासारखे दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "आण तिला इकडे."

ठमी झेपावली. सून क्षणभर तिला तशीच धरून राहिली. मग दिली. पण ती थांबली होती, हे मी पाहिलं, आणि ह्यांनीही पाहिलं.