उकंड्याचं नवं नाव

आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून मायनं त्याला जन्मताच शेणाच्या उकंड्यावर ठेवलं अन् नावही उकंडाच ठेवलं. टाकून दिलेल्या जिवाकडं मरण बघत नाही म्हणतात. फुलसावंगीत त्यानं बहात्तर वर्षं काढली. साप चावला, विहिरीत पडला, तरी वाचला.

नात ममतानं लाजेखातर आपल्या लग्नपत्रिकेत आबाचं नाव 'नंदकिशोर' छापून आणलं. गठ्ठ्याची सुतळीही सुटली नव्हती, गावात कोणालाच ते ठाऊक नव्हतं. भर दुपारी फाटकाशी आवाज आला, "नंदकिशोर आहे का घरी?" कुत्रं खाटेखाली शिरलं. फाटकाशी कोणीच दिसेना.

म्हातारा परसातल्या उकंड्यावर जाऊन बसला.

"आबा, कायले बसले तिथं? घरात या ना."

"पह्यले त्या पत्रिका जाळ, बाई. तो अजून दारातच उभा हाय."