कुंकवाचे चार टिळे

सायली गावातल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. त्याआधी काही वर्षं वृत्तपत्रात होतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर सुरू झाला नाही. पडद्यावर एकच निरोप होता: डिस्कचा गट सापडत नाही.

त्या लोखंडी खोक्याला कारखान्यात सगळे सीपीयू म्हणतात. आत चार सारख्या हार्डडिस्क आहेत आणि त्यांच्या केबली एका कार्डाला जातात. ते कंट्रोलर. प्रत्येक फाइलचे तुकडे करून कार्ड ते चारही डिस्कवर वाटतं आणि मागितल्यावर त्याच क्रमाने जोडतं. त्यावरच्या जागांना शून्य ते तीन असे आकडे आहेत; सगळ्यात वरची डिस्क शून्यावर, सगळ्यात खालची तीनवर. कार्ड जुनं आहे. कुठली डिस्क कुठल्या जागेवर, एवढंच त्याला कळतं.

रंगकाम सांभाळणाऱ्या डाईंग मास्तरांच्या सोळा वर्षांच्या शेडच्या, म्हणजे रंगछटांच्या, कृती त्या डिस्कवर होत्या. बॅकअप नव्हता. चार डिस्क म्हणजे चार नकला, असंच सगळे धरून चालले होते. दुपारी गडद निळ्या सुताचा लॉट रंगायला लावायचा होता आणि त्याची कृतीही आतच होती.

मास्तर धुळ्याकडचे. दाराशी येऊन म्हणाले, "भाऊ, काल मी पूजा केली ना याची."

"आधी काय केलं, मग काय केलं, तसं सांगा."

"बंद केला. उघडला. चारी डब्या वरपासून खालपर्यंत एकेक काढल्या, पेपरावर ओळीनं मांडल्या. पुसल्या, त्याच ओळीनं टिळे लावले. मग एकावर एक रचल्या."

"परत बसवल्या कशा?"

"हाताला आल्या तशा. सारख्याच तं होत्या!"

मागोमाग आलेले मॅनेजर वैतागले. "मास्तर, पूजा करा ना, पण मशीनच्या पोटात हात कशाला?"

"मागच्या साली बाहेरून फूल वाहिलं, तं तुम्हीच बोलले, आत धूळ किती आहे!"

मॅनेजरांनी लावलेल्या फोनवर सर्व्हिसवाला नवा गट बनवायला सांगत होता. तसं केलं असतं तर कृती गेल्या असत्या. चार डिस्क चोवीस प्रकारे लागतात. चुकीच्या क्रमात कार्डाने दुरुस्ती सुरू केली असती, तर उरलेलंही पुसलं गेलं असतं.

मी डिस्क बाहेर काढल्या. चारही टिळे तसेच होते. एक ठळक, एक जरा फिका, उरलेले दोन अगदीच फिके.

"बोट कुंकवात कितीदा बुडवलं?"

"एकदाच. घरी पण एका बोटात चार देव करतो."

म्हणजे बोटावरचं कुंकू कमी होत गेलं: सगळ्यात ठळक टिळा पहिल्या डिस्कचा, शून्याचा; त्याहून फिका दुसरीचा. शेवटचे दोन मला सारखेच दिसत होते. मास्तरांनी त्या दोन्ही डिस्क उचलल्या आणि शेड तपासायच्या दिव्याखाली धरल्या. सुताच्या दोन लडींमधला फरक ते रोज तिथेच पकडतात.

"हा तिसरा, हा चौथा."

"नक्की?"

"भाऊ, लाल आहे. लालात मी चुकत नाही."

त्याच क्रमाने केबली लावल्या. कार्डाने शून्य, एक, दोन, तीन मोजलं. गट सापडला. कृतींची यादी उघडली तेव्हा मॅनेजरांनी फोनवरच्या माणसाला मध्येच तोडून सांगितलं, "रहने दो, हो गया."

दुपारपर्यंत सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवली. लॉट वेळेवर लागला. संध्याकाळी मास्तरांनी निळी लड त्याच दिव्याखाली नमुन्याशेजारी धरली. फरक नव्हता.

डिस्कवर मी पक्क्या शाईने आकडे घातले. टिळे पुसले नाहीत.