सुइणींची परीक्षा घेणाऱ्या अंजनाबाई

हे मार्कंडेश्वरा, वैनगंगेच्या वळणावर जागत बसलेल्या दयाघना! यमाच्या पाशातून एका लेकराला ज्या हातांनी तू सोडवलेस, त्या हातांना प्रथम वंदन. जन्म देणारा तू, जन्म राखणारा तू. आणि ज्यांच्या ओंजळीत तू नवा जीव अलगद ठेवतोस, त्या सुइणीही तुझ्याच. अशा सुइणींना शिकवता शिकवता ज्यांचे काळीज जळाले, त्या अंजनाबाईंचे चरित्र आज सांगायचे आहे. माझ्या शब्दांना तेवढे बळ दे.

एटापल्लीच्या वाटेवर, सागवनाच्या कुशीत कोसमटोला नावाचे गाव. तिथल्या उपकेंद्रात अंजनाबाई परिचारिका होत्या. वैधव्य लवकर आलेले. पदरी एकच लेक, वच्छला. ऐंशी सालानंतर आसपासच्या सुइणींना प्रशिक्षण देण्याचे काम बाईंकडे आले आणि त्या कामात त्यांनी स्वतःला अक्षरशः ओतून दिले.

सुइणींना लिहिता-वाचता येत नव्हते. मग बाईंनी एक युक्ती केली. हात धुवा, जागा झाडा, पाते उकळा, दोरा उकळा, नाळेला काही लावू नका, असा सगळा पाठ त्यांनी धानाच्या रोवणीच्या चालीवर बसवला. चिखलात वाकून ज्या चालीवर हात चालतात, तीच चाल! बायका शिकल्या, डोलल्या, घरोघरी गाऊ लागल्या. प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षाही गाण्याचीच ठेवली. जी न चुकता म्हणेल ती उत्तीर्ण. तिला पाते, दोरा, साबण असलेली पेटी.

तपासणीला आरोग्य खात्याचे साहेब आले होते. कोसमटोल्याची सुईण धुरपता पदर खोचून उभी राहिली आणि असा काही सूर लावला की बाहेर झाडाखाली बसलेले लोक आत डोकावू लागले.

"धुरपता, परीक्षेले आली का लग्नाले व?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"लग्नाले आली असती त लुगडं घेतल्याबिगर तोंडच उघडलं नसतं!" धुरपता म्हणाली. साहेब हसले, बाई हसल्या. पहिली पेटी धुरपताला मिळाली.

त्या हसण्याला पुढे किती रडायचे होते, हे त्या विश्वंभरालाच ठाऊक!

पुढल्या श्रावणात वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर दूर जंगलात. गरोदरपणात लस घेण्याचे दिवस तिकडेच निघून गेले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा बाई लसीकरणासाठी पलीकडच्या गावी, आणि मधल्या नाल्याला पूर. धुरपता धावत आली. तिने वच्छलेला धीर दिला, बाळंतपण पार पाडले. गोरा, नाकेला मुलगा झाला. बाई परतल्या, नातवाला छातीशी धरले आणि धुरपताच्या हातात नवे लुगडे ठेवले.

आठवडाही सरला नाही. लेकराने दूध ओढणे थांबवले. जबडा आवळला, इवलासा देह धनुष्यासारखा ताणला. गावाने नजर म्हटली, बाधा म्हटली. बाईंनी मात्र पाहताक्षणी ओळखले, हा धनुर्वात. बैलगाडीने सगळे दवाखान्याच्या वाटेला लागले, पण वाटेतच ते लेकरू आजीच्या मांडीवर निवले. वच्छलेच्या अंगावरचे दूध लुगड्यातून झिरपत होते आणि पिणारे ओठ गार झाले होते. देवा, ही वेळ वैऱ्यावरही आणू नकोस.

दुःखाचे दिवस उलटल्यावर बाई धुरपताच्या घरी गेल्या. धुरपता पायांवर कोसळली.

"बाई, मी त सारं तुमच्या गाण्यापरमानंच केलं. एक अक्षर सोडलं नाई!"

"ऊठ. आता सांगू नको, गाऊ नको. मले फक्त करून दाखव."

बाईंनी कापडाची बाहुली केली, पोटाला दोरी बांधली. धुरपताने हात धुतले, पाते उकळले. मग ते पाते उचलून तिने शेणाने सारवलेल्या भुईला टेकवले, कपाळाला लावले आणि दोरीकडे नेले.

"थांब! हे काऊन केलं?"

"धरतीमायच्या पाया पडल्याबिगर हत्यार चालवाव का, बाई? विळा असो का सुई, आपण पहिले भुईलेच लावतो."

"गाण्यात होतं का असं?"

"गाण्यात 'नोको करू' असंबी नव्हतं."

बाईंनी तिच्या हातातले पाते काढून घेतले. हा रिवाज त्यांनी बांधाबांधावर पाहिला होता, आणि धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच असतात हेही त्यांना ठाऊक होते. "मी तुझा गळा तपासला, धुरपता," त्या म्हणाल्या, "हात तपासलाच नाई."

त्या दिवसापासून बाईंची परीक्षा पालटली. गाणे राहिले, पण ते आठवणीपुरते. प्रत्येक सुइणीला 'असे का?' विचारायचे, बाहुलीवर सगळे करून घ्यायचे, आणि काही महिन्यांनी खऱ्या बाळंतपणात कोपऱ्यात बसून तिचे हात पाहायचे. मगच पेटी. साहेब कुरकुरले, "बाई, किती वेळ लावता? पास करा न पेट्या वाटून टाका!" बाई म्हणाल्या, "साहेब, वाटून पाह्यल्या एकदा."

गावाने धुरपताची पेटी काढून घ्यायला लावली. वच्छला तर आईसमोर उभी राहून म्हणाली, "त्या बाईच्या हाती पुन्हा पेटी दिली त मी या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाई, माय."

एका बाजूला पोटची लेक. दुसऱ्या बाजूला सुईण नसलेले गाव आणि त्यात जन्मणारी लेकरे. बाईंनी धुरपताला पुन्हा परीक्षेला बसवले. बाहुलीवर पहिल्याच वेळी तिचा हात सवयीने भुईकडे गेला. बाईंनी तिला नापास केले. धुरपता रडली आणि घरी सराव करत राहिली. दुसऱ्या खेपेला तिने आधीच भुईवर डोके टेकले, मग हात घासून धुतले. उकळलेले पाते नाळेपर्यंत कुठेही टेकले नाही. खऱ्या बाळंतपणातही तसेच. कोपऱ्यात बसलेल्या बाईंना खोट काढायला जागा उरली नाही. पेटी द्यावी लागली आणि त्यांनी ती दिली.

वच्छला त्याच दिवशी सासरी गेली. बोलली तशी वागली.

त्या गावांत पुढे धनुर्वाताने लेकरे जाणे जवळजवळ थांबले. लोक बाईंना हात जोडत; बाई मान खाली घालत. एकदा एटापल्लीच्या बाजारात त्यांना वच्छला दिसली, कडेवर मुलगी. तिने मुलीला खाली उतरवले, "आजीच्या पाया पड," एवढे तिला सांगितले आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. बाईंनी त्या चिमण्या डोक्यावर हात ठेवला, तो उचलवेना.

हे कृपाळू जगदीशा, त्या माउलीच्या मनाला शांती दे. वच्छलेच्या मनातली गाठ तुझ्याच मायेने सोडव. तिची लेक उदंड आयुष्याची होवो, धुरपताचे हात निर्मळ राहोत, आणि अंजनाबाईंच्या घरी मायलेकी एका ताटाशी बसून जेवोत.