बासिलियाच्या नावावर माझं रक्त

माझी धाकटी बहीण बासिलिया टिटिकाका सरोवरात एकटी होडी वल्हवते. चाळिशी उलटेपर्यंत बिचारीला कुणी पाण्याकडे फिरकू दिलं नव्हतं. फिट यायची ना! चुलीजवळ नको, पाण्याजवळ नको, मग बाईनं जायचं तरी कुठं? तीन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि फिट जी गेली ती गेलीच. दुसऱ्याच महिन्यात ही जाळं घेऊन होडीत! मासे आणते मूठभर, ऐट मात्र गाडाभर.

पण त्या गोळीनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणे. म्हणून दर तीन महिन्यांनी नळीभर रक्त द्यायचं, आणि दर वेळी आकडा थोडा खालीच. गेल्या खेपेला बाई म्हणाल्या, "अजून उतरला तर गोळी बदलावी लागेल." नवी गोळी लागू पडली नाही तर? बासिलियाच्या तोंडचं पाणीच पळालं.

घरी येऊन तणतणली, "आकडा उतरेल नाहीतर काय होईल, ताई? नळ्या भरभरून ह्याच नेतात, वर मलाच विचारतात कमी का झालं!"

मला ते सोळा आणे पटलं. आमच्या गावात सगळे हेच मानतात: माणूस रक्त आणतो ते जन्माला येतानाच. काढलं की गेलं, परत भरत नाही.

"हात्तिच्या!" मी म्हटलं. "या खेपेला माझं देऊ. माझ्यात ढीगभर आहे."

"आणि तुझं संपलं तर?"

"संपायला मी काय रॉकेलचा डबा आहे?"

दवाखान्यात रक्त काढणारी बाई नवीन होती. आम्ही दोघी सारख्याच, गोल टोप्या नि दोन-दोन वेण्या. तिनं नाव विचारलं, मी बासिलियाचं ठोकून दिलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "वा! पांढऱ्या पेशी झकास. गोळी तीच चालू ठेवू." बासिलियानं आनंदानं मला असा चिमटा काढला की मी ओरडणारच होते.

"पण हिमोग्लोबिन आठ? एवढ्या उंचीवर राहून? इथं तर ते जास्त हवं! बासिलियाबाई, दम लागतो का?"

"छे हो, मला कुठं..." म्हणता म्हणता तिनं माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याच्या चढावर मी तीनदा बसले होते. म्हातारपण म्हणून दोघींनी हसण्यावारी नेलं होतं.

"रक्त कुठंतरी आतून जातंय," बाई म्हणाल्या. "उद्याच पोट तपासू."

मी डोळे वटारले. गप्प बस, बये! गोळी वाचली, होडी वाचली, आता तोंड उघडू नकोस.

बासिलिया ताडकन उठली. "ते रक्त माझं नाही, बाई. हिचं आहे. आमच्या ताईचं. उद्या हिला तपासा." आणि बाही वर सारून हात पुढे केला. "माझं आता घ्या. हवं तेवढं घ्या."

बाई जी कडाडल्या! "अहो, या कागदावर विसंबून मी गोळी वाढवली असती म्हणजे? आणि रक्त हाडांत रोज नवं तयार होतं, कळलं?" आम्ही माना डोलावल्या. विश्वास दोघींचाही बसला नाही.

बासिलियाचा आकडा तासाभरानं आला. मागच्याएवढाच. "इथंच राहिला तर चालेल," बाई म्हणाल्या. "गोळी तीच. पण यापुढे दर महिन्याला, आणि स्वतःचं!" दुसऱ्या दिवशी तपासलं तर माझ्या पोटात रक्त झिरपणारा व्रण निघाला. आता औषधं चालू आहेत.

त्या दिवशी चढ उतरताना मात्र मी तिला झापलं. "वेडे, होडी गेली असती ना!"

"गेली असती तर काठावर तुझ्याजवळ बसले असते," ती म्हणाली. "तू गेलीस तर मी कुणाजवळ बसू?"