पंपाला आमची हरकत आहे

झेरॉक्सच्या दुकानाचं एक असतं. माणूस कागद देतो आणि मशीन घरघर करत असेपर्यंत बोलत बसतो. कागद घेऊन जातो, बोलणं मात्र दुकानातच ठेवून जातो. चौदा वर्षांत माझ्याकडं असं लई साठलंय. पण आज फक्त पंपाचं सांगते, कारण ते पोटात ठेवलं की मला ॲसिडिटी होते.

माझं दुकान शाळेच्या समोर. शाळेच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट, तो अण्णांचा. अण्णा मूळचे पाचोडकडचे. शेती तिकडं, बंगला इथं. त्यांच्या डोक्यात आलं, या प्लॉटवर पेट्रोल पंप टाकायचा. शाळेच्या भिंतीला पंप! माझी आर्वी त्याच शाळेत दुसरीत आहे. तिच्या वर्गाची खिडकी उघडली की समोर तोच प्लॉट. म्हणजे पोरं पाढे म्हणणार आणि खिडकीखाली टँकर रिकामा होणार. हे ऐकलं त्या दिवसापासून मला घास गोड लागला नाही. मग गल्लीनं कृती समिती काढली, आणि तिथून जे सुरू झालं ते ऐका.

*

पहिली मीटिंग माझ्याच दुकानापुढं झाली. अकरा माणसं. मला वाटलं, पंप कसा रोखायचा ते बोलतील. नाय! दीड तास पदं वाटण्यात गेला. शाळेचे रिटायर्ड मुख्याध्यापक काळे सर अध्यक्ष झाले, ते बरोबरच होतं. मग दोन उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव, प्रवक्ते, संघटक आणि मुख्य सल्लागार. मी एकटीच बाई, म्हणून मी आख्खी महिला आघाडी!

शेवटी शाळेची रिक्षा चालवणारे सलीमभाई उरले. सचिव म्हणाले, "सलीमभाई, तुम्ही सदस्य."

"और कौन है सदस्य?"

"सध्या तुम्हीच."

सलीमभाईंनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. "मतलब मोर्चे में चलना मेरेकूच है!"

*

समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नाव 'पंप हटाव, शाळा बचाव'. पहिले चार दिवस नुसती फुलं आणि सुप्रभात. पाचव्या दिवशी खुद्द आमच्या प्रवक्त्यांचा मेसेज आला, "पंप साधारण कधी चालू होईल? बायपासला लई लाइन असते."

मी दुकानात धरलं त्यांना. म्हटलं, भाऊसाहेब, लाज?

तर म्हणतात कसे, "ताई, विरोध वेगळा आणि सोय वेगळी!"

*

अण्णांच्या अर्जाबरोबरचा नकाशा झेरॉक्सला माझ्याकडंच आला. आणणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं की दुकानदारीणच महिला आघाडी आहे. मी नकाशा सरळ धरला, उलटा धरला, पण शाळा काही सापडेना. रस्ता होता, नाला होता, कोपऱ्यावरचं लिंबाचं झाडसुद्धा होतं. जिथं शाळा पाहिजे तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पडीक जमीन'.

मी एक कॉपी जास्तीची काढून ठेवली आणि काळे सरांना बोलावून दाखवली. सरांनी चष्मा पुसला, परत वाचलं. मग हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी पडीक जमिनीवर शिकवलं की काय?"

*

तक्रार केल्यावर परवानगी देणाऱ्या ऑफिसातून पाहणीला माणसं आली. टेप घेऊन आली, अंतर मोजलं, फोटो काढले, अण्णांच्या बंगल्यावर चहा घेतला आणि गेली. त्या अहवालाची कॉपी आम्ही मागवली. त्यात एक वाक्य होतं, 'पाहणीच्या वेळी परिसरात एकही विद्यार्थी आढळून आला नाही.'

आढळणार कसा? पाहणी रविवारी केली!

सलीमभाई म्हणाले, "ताई, ये लोगां दिवाली की छुट्टी में आते तो लिखते, इधर स्कूलच नहीं है."

म्हटलं, तसं लिहायला सुट्टी कशाला लागते? नकाशात आधीच लिहिलंय की!

*

मग आमच्या वॉर्डाच्या माजी नगरसेवकांना कळवळा आला. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांनी जाहीर केलं की पंपाविरोधात भव्य रॅली काढायची. आणि कशाची रॅली? मोटारसायकलची!

सकाळी नऊची वेळ दिली होती. आम्ही गल्लीतल्या बाया हातात फलक घेऊन उन्हात उभ्या. साडेनऊ झाले, दहा झाले, एकही गाडी नाही. दादांना फोन लावला तर मागून नुसता हॉर्नचा कालवा.

"दादा, कुठंय तुम्ही?"

"छावणीत. पंपावर! पोरं टाक्या फुल करायलेत. लाइन लई मोठीय, निघालोच!"

साडेदहाला शंभरेक गाड्या आल्या. पुढच्या जीपवर बॅनर होतं. दादांचा फोटो दारापेक्षा मोठा आणि खाली लिहिलेलं, 'पेट्रोल पंपाच्या जाहीर निषेधास हार्दिक शुभेच्छा!' शाळेसमोर येऊन त्या पोरांनी दहा मिनिटं सायलेन्सर फोडले. दुसरीच्या वर्गातली पोरं कानात बोटं घालून बसली होती. दादा भाषणात म्हणाले, "या चिमुकल्यांना धुराचा त्रास होऊ देणार नाही!" ते ऐकू आलं नाही कुणाला, कारण गाड्या चालूच होत्या.

*

अण्णा मात्र ठाम होते. भेटेल त्याला सांगायचे, "अहो, आजकाल पंप म्हणजे देवघर! एक ठिणगी पडत नाही. माझा स्वतःचा नातू या शाळेत आहे, मला काळजी नसेल का?" हे एवढ्या वेळा सांगितलं की समितीतले दोन उपाध्यक्ष डगमगले. नातू आहे म्हणल्यावर खरंच असेल, असं म्हणायला लागले.

एक दिवस अण्णा स्वतः दुकानात आले. नेहमी माणूस पाठवतात, त्या दिवशी स्वतः. कागद उलटा करूनच माझ्या हातात दिला. एक कॉपी घेतली, घाईघाईनं घडी करून खिशात घातली आणि गेले. आणि सगळं गिऱ्हाईक करतं तेच त्यांनी केलं. ओरिजिनल मशीनच्या झाकणाखाली विसरले!

मी झाकण उचललं. नातवाचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज होता. कारण काय, तर 'परिसर पाल्यासाठी सुरक्षित वाटत नाही.' खाली पालकाची सही, अण्णांची.

मीच फोन केला. धापा टाकत परत आले. म्हणाले, "ताई, घरातल्या बायकांचा हट्ट हो. कुणाला बोलू नका."

म्हटलं, "अण्णा, मी कशाला बोलू?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत झालं होतं. पाप लागलं तर लागू द्या.

*

शेवटी एकदाची सुनावणी लागली. आमच्याकडं सगळं तयार होतं. शाळा नसलेला नकाशा, रविवारचा अहवाल, पालकांच्या सह्यांचा गठ्ठा. सगळ्याची फाइल मी स्वतः पंच करून लावली होती. समितीतून सुनावणीला आलो आम्ही तिघं. काळे सर, मी आणि एकमेव सदस्य. पदाधिकाऱ्यांना त्याच दिवशी कामं निघाली.

काळे सर म्हणजे देवमाणूस. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण कुणाला अरे म्हणून हाक मारली नाही. चौथीतल्या पोरालासुद्धा अहोजाहो. आदल्या दिवशी त्यांनी भाषण पाठ केलं होतं, मला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाय सांगत.

आम्ही आत गेलो. सुनावणी घेणारे साहेब मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "सर, अर्जदारांना सिल्लोडला लग्नाला जायचंय. त्यांचं आधी ऐकून घेऊ का?"

सर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "हरकत नाही."

अण्णांचे वकील पाऊण तास बोलले. मग साहेबांना वरून फोन आला, ते उठले. सरांची फाइल शिपायानं घेतली. "तुमचं लेखी आलंय ना, बास झालं," साहेब म्हणाले आणि गेले.

पंधरा दिवसांनी पंपाला परवानगी मिळाली. सोबत सुनावणीचं इतिवृत्त होतं. अपिलासाठी त्याच्या प्रती काढायला सर दुकानात आले. मी कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचला.

'कृती समितीच्या अध्यक्षांना प्रत्यक्ष विचारणा केली असता त्यांनी "हरकत नाही" असे सांगितले. सबब परवानगी देण्यात येत आहे.'

माझ्या तोंडून शिवी गेली, सरांसमोर पहिल्यांदाच. सरांनी कागद हातात घेतला, वाचला, परत वाचला. समोर शाळा सुटली होती, पोरं ओरडत बाहेर पडत होती.

"ताई," सर म्हणाले, "दुसरीच्या वर्गाची ती खिडकी मीच त्या बाजूला काढून घेतली होती. पोरांना उजेड चांगला मिळतो म्हणून."

मी स्टूल पुढं सरकवलं. म्हटलं, "सर, बसा तुम्ही. चहा सांगते. बिनसाखरेचा चालेल ना?"

सर म्हणाले, "हर..."

आणि त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.