दुसऱ्याचा हात

कपाळावर स्वतःचाच हात ठेवून मी तीन दिवस म्हणत होतो, ताप नाही, नुसती कणकण आहे. एकट्या माणसाला अशी समजूत सोयीची पडते. चौथ्या दिवशी सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मंदाताईंनी कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि उलटा हात माझ्या मानेला लावला.

"अंग भाजतंय की, काका. आणि काल भरून ठेवलेला तांब्या तसाच आहे. पाणीसुद्धा जात नाही का?"

"उतरेल आज."

"तीन दिवस अंगावर काढलंत, बास झालं. चला दवाखान्यात."

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, माझा हातही कपाळाइतकाच तापला होता. त्याला ताप कसा कळणार? लहानपणी न मागता कुणाचा तरी हात कपाळावर यायचा. मोठेपणी तो मागावा लागतो आणि मागायची आपल्याला लाज वाटते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं दिली आणि वेळेत आलात, असं सांगितलं.

आठवड्याने, माझा ताप उतरल्यावर, तव्यावरची पोळी उतरवून मंदाताईंनी पुन्हा माझ्या मानेला हात लावला. या वेळी त्यांचाच हात मला गरम लागला.